दिलेला फोल्डर सोडतो

पाणीपुरवठ्याच्या त्या ऑफिसात कुठलाही कागद हेडक्लार्कांच्या टेबलावरून सरळ पुढे गेला, असं कधी झालं नाही. एकदा एका मीटर रीडरने रजेचा अर्ज दिला, 'मी आणि पत्नी तिच्या आईला घेऊन दवाखान्यात जात आहोत, तिची तब्येत गंभीर आहे.' हेडक्लार्कांनी 'तिची' या शब्दाखाली लाल रेघ मारून 'कोणाची? पत्नीची की आईची?' असं विचारत अर्ज परत पाठवला. उत्तर येईपर्यंत जी कोणी होती ती बरी होऊन घरी आली होती. त्यामुळे रजा नामंजूर झाली, पण अर्जाची भाषा सुधारली, याचं हेडक्लार्कांना समाधान होतं.

अशा माणसाच्या नशिबात झाडू यावा, यात नियतीचा काहीतरी खट्याळपणा असणार.

झाडू म्हणजे हातात धरायचा नव्हे. ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरवर मीटरचे फोटो साठवलेले असत. प्रत्येक घराच्या प्रत्येक मीटरचा, दर महिन्याचा फोटो. कोणी कधी ते बघत नसे, पण काढायचे मात्र सगळे. शेवटी कॉम्प्युटर तुडुंब भरला आणि त्याने काम करायला चक्क नकार दिला. माउसने फोटो निवडून पुसावेत म्हटलं, तर नुसती यादी उघडतानाच तो गोठून बसे. ऑफिसचा कॉम्प्युटरवाला त्याच आठवड्यात दुसरी नोकरी धरून गेला आणि जाताना एवढंच सांगून गेला की आत 'झाडू' नावाची फुकटातली एक सोय टाकली आहे, ती वापरा.

ही सोय काळ्या खिडकीत चालायची. तिथे ना चित्रं ना बटणं. हुकूम टाइप करायचा आणि एंटर दाबायचं. 'झाडू' एवढंच लिहिलं, की ज्या जागी उभे असाल तिथलं सगळं साफ. परत आणायची सोय नाही. हुकमाला दोन आडव्या रेघा देऊन एखादं शेपूट जोडलं, की झाडू त्याप्रमाणे वागणार. अशा शेपटांची माहिती एका पानावर दिली होती.

हे काम हेडक्लार्कांकडे आलं, कारण मॅडम म्हणाल्या, "तुम्ही सगळं नीट वाचता." मॅडम म्हणजे ऑफिसच्या प्रमुख. त्याच कॉम्प्युटरवर, त्याच फोटोंच्या ढिगाऱ्यात, 'अहवाल' नावाचा फोल्डर होता. वरच्या ऑफिसची तपासणी जवळ आली होती आणि मॅडम वर्षभर खपून जो अहवाल लिहीत होत्या, तो त्या फोल्डरात होता. त्याला हात लावायचा नाही, हलवायचा नाही आणि त्याची कॉपीही करायची नाही, असा मॅडमचा सक्त हुकूम होता. मागच्या वेळी एक कॉपी शेजारच्या विभागात पोचली होती आणि त्या विभागाने तोच अहवाल आपल्या नावावर सादर करून शाबासकी मिळवली होती. तेव्हा बाकी सगळं झाडायचं आणि 'अहवाल' तेवढा राखायचा, असं काम होतं.

हेडक्लार्कांनी माहितीचं पान उघडलं. हवं तेच शेपूट तिथे होतं. '--सोड'. त्यापुढे लिहिलं होतं:

'दिलेला फोल्डर सोडतो'

हेडक्लार्कांनी ते एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी डोळे मिटले. सोडतो म्हणजे काय करतो? वगळून बाकीचं झाडतो, की सोडचिठ्ठी देतो? सोडतो म्हणजे वाचवतो, की वाऱ्यावर सोडतो? एका अर्थाने मॅडमचा अहवाल तेवढा राहणार होता आणि दुसऱ्या अर्थाने अहवाल तेवढा जाणार होता. तीन शब्दांचं वाक्य, आणि त्यावर एका माणसाची पेन्शन टांगलेली.

घरी जेवताना त्यांनी विषय काढला. त्यांची बायको गाडी शिकवायची. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून तिच्या अंगी एक प्रकारची कायमची शांतता आली होती. ती म्हणाली, की यात न कळण्यासारखं काय आहे, सोड म्हणजे हळूहळू पाय उचलायचा. एकदम सोडला तर गाडी बंद पडते.

"अगं, हा क्लच नाही," हेडक्लार्क म्हणाले.

सासरे त्यांच्याकडेच राहायचे. ते कोर्टाचे निवृत्त बेलिफ. समन्स घेऊन उभा जन्म लोकांच्या दारात गेला, त्यामुळे बोलणं मोजकं आणि आवाज असा, की साधं मीठ मागितलं तरी समोरच्याला वकील गाठावासा वाटे. ते म्हणाले, कोर्टाने सोडला म्हणजे निर्दोष सोडला. प्रश्नच मिटला. फोल्डर सुरक्षित आहे.

तेवढ्यात समोरच्या दारातले शेजारी पेपर मागायला आले. हे गृहस्थ सिगारेट सोडणारे म्हणून प्रसिद्ध होते. किती वेळा सोडली याची गणती त्यांनीही सोडून दिली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खुर्ची ओढून बसले आणि अनुभवाचे बोल सांगितले. सोडलेली गोष्ट जात नाही, ती नुसती दबा धरून बसते. तेव्हा फोल्डर सोडला तरी काळजी नको, तो परत येईल. शिवाय एखाद्याच्या अंगावर कुत्रा सोडतात तसा फोल्डरच्या अंगावर झाडू सोडत असतील, ही शक्यता त्यांनी जाता जाता दारातून सांगितली. म्हणजे हेडक्लार्कांना आता तिसऱ्या अर्थाचीही धास्ती पडली.

"अहो, एक रिकामा फोल्डर करा आणि त्याच्यावर चालवून बघा," बायको भांडी आवरताना म्हणाली. "मिनिटात कळेल."

हेडक्लार्क दुखावले. त्यांना कळावं एवढाच प्रश्न असता तर गोष्ट वेगळी. पण उद्या दुसरा कोणी हे वाक्य वाचेल, परवा तिसरा वाचेल. चुकीचं वाक्य दिसत असताना आपला मार्ग काढून निघून जाणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. रस्त्यात पडलेला दगड बाजूला सारावा, तसं हे वाक्य दुरुस्त करायचं, असं त्यांनी ठरवलं. हा दगड पुढे डोंगर होऊन त्यांच्यावरच गडगडत येणार आहे, हे त्यांना कोण सांगणार.

झाडूची देखभाल करणारा एक गृहस्थ होता. हे लोक खऱ्या नावाने वावरत नाहीत. याचं टोपणनाव 'कासव' होतं आणि तो ते नाव सार्थ करत असे. हेडक्लार्कांनी त्याला सविस्तर पत्र लिहिलं. सोडणे या क्रियापदाचे अर्थ, त्यांची उदाहरणं आणि शेवटी नम्र विनंती. बऱ्याच दिवसांनी कासवाचं एका ओळीचं उत्तर आलं, की सूचना छान आहे, दुरुस्ती तुम्हीच पाठवा.

हेडक्लार्कांना वाटलं, चला, एका वाक्याचं तर काम. त्यांनी लिहून पाठवलं: 'दिलेला फोल्डर वगळून इतर सर्व फोल्डर साफ करतो.'

क्षणात उत्तर आलं. ते माणसाचं नव्हतं. आलेल्या दुरुस्त्या तपासायला तिथे एक यंत्र बसवलं होतं. यंत्राने कळवलं होतं, की वाक्याच्या शेवटी पूर्णविराम आहे, या पानावर वाक्याच्या शेवटी पूर्णविराम देत नाहीत, दुरुस्ती नामंजूर.

हेडक्लार्क त्या ओळीकडे बघतच राहिले. उभी हयात त्यांनी लोकांना पूर्णविराम द्यायला शिकवलं होतं आणि आज एक यंत्र त्यांना तो काढायला सांगत होतं. पाण्याचा ग्लास रिकामा करून त्यांनी पूर्णविराम काढला आणि पुन्हा पाठवलं. यंत्राने कळवलं की वाक्य लांब आहे. त्यांनी 'सर्व' काढला. यंत्राने कळवलं की हे शब्द तुमचे स्वतःचे आहेत, कुठून उचललेले नाहीत, असं प्रतिज्ञापत्र जोडलेलं नाही. 'वगळून' हा शब्द आपला स्वतःचा आहे असं लिहून देणं हेडक्लार्कांना प्रामाणिकपणाचं वाटेना. त्यावर सासऱ्यांचा सल्ला घेतला. ते म्हणाले, शब्द कोणाचाही असो, ताबा तुमच्याकडे आहे, लिहून द्या.

एवढं करून दुरुस्ती एकदाची चर्चेला लागली. आणि चर्चा म्हणजे काय असते, हे तोवर हेडक्लार्कांना ऑफिसातल्या मीटिंगांवरूनच माहीत होतं. इथे जगभरची मंडळी, ज्यांना एरवी झाडूशी देणंघेणं नव्हतं, ती धावून आली. 'वेलांटी' नावाच्या एका बाईंनी पहिला आक्षेप घेतला की फोल्डर पुल्लिंगी नाही, तो नपुंसकलिंगी आहे. 'तो नपुंसकलिंगी आहे' असं लिहून तुम्हीच तो पुल्लिंगी केलात, असं हेडक्लार्कांनी सविनय दाखवून दिलं. त्यानंतर वेलांटीबाईंनी त्यांचं एक अक्षर सुखाने पुढे जाऊ दिलं नाही. कोणी म्हणालं, 'वगळून' जड आहे, 'ला हात लावत नाही' असं सोपं लिहा. त्यावर दुसऱ्याने लिहिलं, झाडूला हात नसतात. तिसऱ्याने हात असलेल्या झाडूचं चित्र काढून पाठवलं. ते मात्र सर्वांना आवडलं आणि एकमताने मंजूर झालं.

वाक्य होतं तिथेच राहिलं.

शेवटी एकाने मुद्द्याचं विचारलं, की मुळात हे शेपूट खरोखर करतं काय? आणि तेव्हा उघड झालं की हे कोणालाच ठाऊक नाही. एवढे दिवस जे शब्दाशब्दाला भांडत होते, त्यातल्या एकानेही ते वापरलेलं नव्हतं. कासवाला विचारलं. त्याने आपल्या चालीने चार दिवस घेतले आणि लिहिलं:

'--सोड उंटाने लिहिलं होतं. उंट आपल्याला सोडून गेला. आज तो असता तर विचारता आलं असतं.'

हेडक्लार्कांना फार वाईट वाटलं. आपण इथे काना-मात्रेवरून वाद घालतोय आणि ज्या माणसाने हे लिहिलं तो बिचारा जगातच नाही. त्यांनी सासऱ्यांना सांगितलं. वाईट बातम्या पोचवण्यात सासऱ्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, चार ओळी लिहा, थोडक्यात, आणि कारण विचारू नका. हेडक्लार्कांनी त्या चर्चेतच लिहिलं की कै. उंट यांच्या जाण्याने झाडूचा आधार गेला, त्यांनी मोजक्या शब्दांत लिहिलं पण त्या मोजक्या शब्दांत किती अर्थ भरले होते हे आज कळतंय, ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो. या ठिकाणी यंत्राने पूर्णविरामाला हरकत घेतली नाही.

मग ओघच सुरू झाला. कोणी दुःख व्यक्त केलं, कोणी उंटाच्या आठवणी लिहिल्या. वेलांटीबाईंनी तर हेडक्लार्कांशी असलेलं वैर बाजूला ठेवून लिहिलं की मृत्यूपुढे लिंगभेद नसतो. कासव आठवड्याने डोकावला, तेव्हा त्याला सगळीकडे उंटाच्या श्रद्धांजल्या दिसल्या. तो हादरला. त्याला म्हणायचं होतं एवढंच, की उंट झाडूचं काम सोडून गेला. पण एवढे लोक सांगतायत म्हणजे मधल्या काळात खरंच काहीतरी झालं असणार, असं त्याला वाटलं. त्याने जड मनाने शोकसभा जाहीर केली. शनिवारी दुपारी, फोनवर. सुरुवातीचे दोन शब्द हेडक्लार्कांनी बोलावेत, कारण बातमी प्रथम त्यांनीच दिली होती.

इकडे मॅडम रोज केबिनच्या दारात येऊन "झालं का?" एवढंच विचारून जात होत्या. तपासणी सोमवारी होती. शेवटी हेडक्लार्कांनी गुपचूप बायकोचा सल्ला अमलात आणायचं ठरवलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर रिकामा फोल्डर करायला गेले तर त्याने सांगितलं, जागा नाही. म्हणजे झाडू कळायला जागा हवी आणि जागा व्हायला झाडू कळायला हवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशातली गत.

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर झाडू उतरवून घेतला आणि प्रयोग केला. 'नमुना' नावाचा फोल्डर केला, त्यात एक फाइल ठेवली, काळी खिडकी उघडली आणि 'झाडू --सोड नमुना' लिहून एंटर दाबलं. नमुना राहतो की जातो एवढंच बघायचं होतं. बाकीचं काय होईल हा विचार मनात आला तेव्हा एंटर दाबून झालं होतं.

बाकीचं म्हणजे सासऱ्यांचं आत्मचरित्र. निवृत्त झाल्यापासून ते एका बोटाने ते टाइप करत होते. 'दार न उघडणारी माणसे' हे प्रकरण नुकतंच पुरं झालं होतं. हेडक्लार्कांच्या डोळ्यांसमोर त्याच्या प्रकरणांची नावं एकामागून एक खिडकीतून वर सरकली आणि गेली. त्यांनी घाबरून भिंतीवरचा खटकाच बंद केला. पुन्हा सुरू केल्यावर दिसलं की नमुना सुखरूप आहे आणि बेलिफ बालपणासकट नाहीसे झाले आहेत.

सासऱ्यांना सांगणं भाग होतं. हेडक्लार्कांनी खाली मान घालून सांगितलं. सासऱ्यांनी कोर्टातल्यासारखा घसा साफ केला.

"वही घ्या, बसा," ते म्हणाले. "मी सांगतो, तुम्ही लिहा. पहिल्यापासून. मागच्या वेळी कंटाळा आला म्हणून बऱ्याच गोष्टी गाळल्या होत्या."

हेडक्लार्क बसले. सासऱ्यांच्या जन्माआधीचा दुष्काळ त्या दिवशी पुरा झाला नाही. पण प्रयोग तर झाला होता, आणि मोठी किंमत मोजून का होईना, उत्तर मिळालं होतं. सोडतो म्हणजे वगळतो. नमुना राहिला होता.

शनिवारी सकाळी ऑफिसात ते ताठ मानेने शिरले. मॅडमना सांगितलं की आता शंका नाही, अहवालाच्या केसालाही धक्का लागणार नाही. त्यांनी काळ्या खिडकीत 'झाडू --सोड अहवाल' लिहिलं आणि एंटर दाबलं. मीटरच्या फोटोंची नावं सरसर वर जाऊ लागली. दुपार झाली तरी ती संपत नव्हती आणि शोकसभेची वेळ होत आली होती. ऑफिसात फोनला आवाज नीट येत नसे, म्हणून गच्चीवर जायला हवं होतं.

"मॅडम, जरा लक्ष ठेवाल का?" ते म्हणाले. "कोणाला हात लावू देऊ नका. मला एका अंत्यविधीला... म्हणजे वरच आहे."

मॅडमनी खुर्ची ओढली आणि स्वतः कॉम्प्युटरसमोर बसल्या. आपल्या अहवालाची राखण त्या दुसऱ्या कोणावर सोपवणार नव्हत्या.

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभं राहून हेडक्लार्कांनी फोन लावला. पडद्यावर चौकोनाचौकोनांत गंभीर चेहरे होते. कासव म्हणजे टक्कल पडलेला, दमलेला माणूस निघाला. वेलांटीबाई चक्क हसऱ्या चेहऱ्याच्या होत्या, आज तो त्यांनी कष्टाने पाडून ठेवला होता. हेडक्लार्क दोन शब्द बोलले. दोनाचे बरेच झाले. मग कासव म्हणाला, आता एक मिनिट स्तब्ध राहू या. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

त्या शांततेत एक नवा चौकोन उघडला. त्यात एक दाढीवाला माणूस होता. डोक्यावर जाळीची टोपी, मागे लाकडी पेट्या आणि सगळीकडे गुणगुण. सभेचं आमंत्रण यंत्राने झाडूवर काम केलेल्या सगळ्यांनाच पाठवलं होतं. यंत्राला दुःख कळत नाही, पत्ते कळतात. त्या माणसाने सगळ्यांच्या खाली घातलेल्या माना बघितल्या आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"उंट," कासव मान वर न करता म्हणाला.

"अरेरे," दाढीवाला म्हणाला. त्यानेही मान खाली घातली. मग थोड्या वेळाने वर केली. "आपल्यात उंट दोन होते का?"

पुढचा गोंधळ सांगण्यात अर्थ नाही. कोणी रडलं, कोणी हसलं आणि वेलांटीबाईंनी 'कै.' कोणी लावलं याची चौकशी सुरू केली. उंट मात्र स्थितप्रज्ञ होता. तो म्हणाला, मी झाडू सोडला, नोकरी सोडली, शहर सोडलं आणि मधमाश्या पाळायला लागलो. पण एवढं सोडूनही जग मात्र सोडलेलं नाही. श्रद्धांजल्या त्याने तिथल्या तिथे उघडून वाचल्या. त्याला त्या आवडल्या.

हेडक्लार्कांना शरमेने टाकीत उडी मारावीशी वाटत होती. पण ज्या अर्थासाठी इतके दिवस वणवण केली, तो सांगू शकणारा माणूस जिवंत समोर बसला होता. त्यांनी विचारलं, "साहेब, ते सोड म्हणजे नेमकं काय करतं?"

"सोपं आहे," उंट म्हणाला. "सध्या सोडतं. आधी बाकीचं सगळं झाडतं आणि मग शेवटी थांबून विचारतं, हा फोल्डर सोडायचा का? हो म्हटलं तर ठेवतं. नाही म्हटलं तर तोही झाडतं."

"आणि कोणी उत्तर दिलं नाही तर?"

"तर बसतं वाट बघत. बिचारं काय करणार."

हेडक्लार्कांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काल खटका बंद केला नसता तर आपल्यालाही तो प्रश्न दिसला असता, एवढंच ना? प्रश्न दिसेल, आपण खाली जाऊ, 'हो' लिहू, संपलं. आणि मग त्यांच्या डोळ्यांसमोर कॉम्प्युटरसमोर राखण करत बसलेल्या मॅडम आल्या. वर्षभर खपलेल्या मॅडम. त्यांना पडद्यावर वाक्य दिसणार होतं, 'अहवाल सोडायचा का?'

ते धावले. लिफ्ट तळमजल्यावर होती. जिन्याने उतरताना कोणीतरी नमस्कार केला, त्याला त्यांनी उत्तर दिलं नाही, ही गोष्ट ऑफिसात पुढे बरेच दिवस बोलली गेली. एक चप्पल मधल्या मजल्यावर राहिली. फोन हातात चालूच होता आणि त्यातून मधमाश्यांची गुणगुण येत होती.

दारात पोचले तेव्हा मॅडम खुर्चीत शांत बसल्या होत्या. चेहऱ्यावर कर्तव्य बजावल्याचं समाधान होतं.

"बरं झालं मी इथे होते," त्या म्हणाल्या. "तुमचा झाडू विचारत होता, अहवाल सोडायचा का? म्हटलं, वा रे वा. मी ठणकावून लिहिलं, नाही."

हेडक्लार्क एका चपलेवर उभे राहिले. पडद्यावर काळ्या खिडकीत एकच ओळ लुकलुकत होती. 'सर्व काही स्वच्छ झाले आहे'. शेवटी पूर्णविराम नव्हता.

रविवारी ऑफिस उघडलं. मॅडम आणि हेडक्लार्क समोरासमोर बसून आठवेल तसा अहवाल पुन्हा लिहू लागले. मॅडम रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. त्या फक्त अधूनमधून थांबत आणि म्हणत, "इथे एक फार छान परिच्छेद होता." हेडक्लार्कांनी त्या दिवशी एकाही वाक्याला हात लावला नाही. एका जागी 'पाणी सोडण्याचे वेळापत्रक' असं आलं तेव्हा दोघांनीही वर बघितलं नाही. संध्याकाळपर्यंत जेमतेम सात-आठ पानं जमली. मॅडम म्हणाल्या की माझी बदली कुठे होईल ते मला दिसतंय, तिथे पाणीच नाही.

सोमवारी तपासणीचे साहेब आले. सोबत दोन सहायक. साहेबांनी ऑफिसभर फेरी मारली, गच्ची बघितली, टाकीचं झाकण उचलून बघितलं, स्वच्छतागृहाचा नळ सोडून बघितला आणि पाणी आलं म्हणून मान डोलावली. केबिनमध्ये सगळे बसले. मॅडमनी विषय काढला, की अहवालाच्या बाबतीत थोडं सांगायचं होतं.

साहेबांनी चहाचा कप उचलला.

"अहवाल सोडा हो," ते म्हणाले. "तो कोण वाचतो?"

मॅडमनी हेडक्लार्कांकडे बघितलं आणि हेडक्लार्कांनी खिडकीबाहेर बघितलं. मॅडमना हसू आलं का रडू, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि साहेबांना वाटलं ठसका लागला. कॉम्प्युटर मात्र मोकळा आणि वेगवान आहे, अशी तपासणीच्या शेऱ्यात खास नोंद झाली.

राहिलं ते वाक्य. त्या आठवड्यात चर्चा पुन्हा भरली. आता अर्थ माहीत होता, पण यंत्राला चालेल एवढ्या जागेत तो मावत नव्हता. बरीच वाक्यं सुचवली गेली आणि पडली. उंट एकदाच डोकावला आणि मध उतरवायचा आहे म्हणून गेला. शेवटी हेडक्लार्कांनी, जे भोगलं त्या सगळ्याचं सार काढून, एक वाक्य पाठवलं. यंत्राने ते घेतलं. कासवाने त्याच दिवशी उत्तर दिलं. वेलांटीबाईंनी लिहिलं की या वाक्यात एकही चूक नाही, आणि हे वाचताना हेडक्लार्कांचे डोळे पाणावले. आज कोणीही ते पान उघडलं तर '--सोड'पुढे त्याला दिसेल:

'हा पर्याय वापरू नये'

ते वाक्य त्यांनी बायकोला दाखवलं. तिने वाचलं, छान आहे म्हणाली आणि गाडीची किल्ली घेऊन शिकवायला गेली. सासरे आतून हाक मारत होते. दुष्काळ संपून त्यांचा जन्म व्हायची वेळ आली होती. हेडक्लार्क उठणार, एवढ्यात पानावर एका अनोळखी माणसाचा प्रश्न आला. त्याने लिहिलं होतं, की '--सोड'च्या वर '--सांभाळ' आहे आणि खाली '--सावकाश' आहे, तर 'हा पर्याय' म्हणजे वरचा, खालचा की मधला?

हेडक्लार्कांनी प्रश्न वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

मुद्दा बरोबर होता. सासऱ्यांना जरा थांबायला सांगून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.